टोल गर्दीकडे बघत नाही, कर्जाकडे बघतो

२०२४ या एकाच वर्षात मुंबईच्या दारात दोन गोष्टी घडल्या. १२ जानेवारीला शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्यावर कारला एकेरी २५० रुपये टोल लागला. मग १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना टोल माफ झाला. तोवर तिथे कारला ४५ रुपये पडत होते.

आता हे दोन निर्णय शेजारी-शेजारी ठेवून बघा. वाशीचा पूल आणि अटल सेतू एकाच खाडीवर आहेत, एक आतल्या बाजूला आणि दुसरा मुखाशी. वाशीकडचा रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबतो. अटल सेतूवर मात्र पहिल्या वर्षात अंदाजापेक्षा बरीच कमी वाहनं आली. म्हणजे जिथे गर्दी आहे तिथे फुकट आणि जिथे जागा मोकळी आहे तिथे २५० रुपये. वाहतूक अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात याच्या बरोबर उलटं शिकवतात.

तुम्ही म्हणाल, यात काय कोडं आहे? विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता दुसऱ्याच दिवशी लागली. खरं आहे. पण निवडणूक फक्त एवढंच सांगते की माफी ऑक्टोबरमध्येच का झाली. मुळात वाशीला ४५ आणि शिवडीला २५० असे दर का होते, हे ती सांगत नाही. त्यासाठी इतिहासात मागे जावं लागतं. या लेखात आपण तेच करू आणि जाता जाता संशोधनाचा प्रश्न कसा सोलायचा तेही बघू.

एका शब्दात लपलेले दोन प्रश्न

‘टोल’ या एका शब्दात दोन वेगळी कामं दडलेली आहेत. पहिलं काम किमतीचं. रस्ता ही मर्यादित जागा आहे. गर्दीच्या वेळी तुम्ही गाडी आणली की मागच्या प्रत्येकाचा थोडा वेळ खाता, तेव्हा त्याची किंमत मोजा. दुसरं काम वसुलीचं. रस्ता बांधायला कर्ज काढलंय, ते फेडायचंय, तर वापरणाऱ्यांकडून घ्या.

ही दोन कामं वेगवेगळे दर सुचवतात. झ्युल दुप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्येच, सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजायची यावर लिहिताना, पुलावरच्या टोलचा विचार केला होता. त्यातून निघणारा मुद्दा साधा आहे. पूल बांधून झाला आणि तो मोकळा असेल, तर आणखी एक माणूस पलीकडे गेल्याने खर्च जवळपास काहीच वाढत नाही. अशा वेळी टोल लावला तर जो माणूस टोलमुळे जात नाही त्याचं नुकसान होतं आणि त्यातून कुणाचाच फायदा होत नाही. म्हणजे किमतीच्या बाजूने बघितलं तर रिकाम्या पुलावर टोल शून्याच्या जवळ हवा. पण वसुलीच्या बाजूने बघितलं तर रिकामा पूल ही सगळ्यात मोठी चिंता असते, कारण कर्ज तेवढंच आणि भरणारे कमी.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: महाराष्ट्रातला टोल पहिल्यापासून दुसरं काम करत आला आहे, आणि आपण त्याला पहिल्या कामाच्या निकषावर तपासत बसलो आहोत. आता पुरावे बघू.

घाट आणि खाडी

मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री आहे. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. या रस्त्यावर टोल होता आणि वसुलीचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्ता म्हणजे काय, तर सरकारने ठरलेली रक्कम घ्यायची आणि प्रत्यक्ष नाक्यावर किती जमतं याची चिंता मक्तेदाराने करायची. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

दुसरं उदाहरण माहीमचं. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर भरावाचा रस्ता हवा होता, पण कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हतं. शेवटी सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे सुरू झाला. त्यांची अट होती की सरकारने या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. ही अट घालावी लागली, यावरूनच कळतं की अशा जागी टोल लागणं ही तेव्हाची नेहमीची गोष्ट होती. माहीम-दादर भागातला लेडी जमशेटजी रोड आजही त्यांच्या नावाने आहे.

बोरघाट आणि माहीम यांत सारखं काय आहे? दोन्हीकडे पर्यायी वाट नव्हती. टोल नाका नेहमी तिथे बसतो जिथे चुकवून जाता येत नाही. घाट, खाडी, पूल, शहराची वेस. नाक्याची जागा वसुलीची सोय ठरवते, गर्दी ठरवत नाही. १८५१ च्या भारतीय टोल कायद्याने सरकारला सार्वजनिक रस्ते आणि पुलांवर टोल लावण्याचा अधिकार दिला आणि वसुली योग्य वाटेल त्या व्यक्तींकडे सोपवण्याचीही मुभा दिली.

१९९६ : अर्थसंकल्पाबाहेरचं कर्ज

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. १९९० च्या दशकात राज्यांच्या तिजोऱ्या ओढगस्तीला आल्या होत्या आणि रस्त्यांची गरज वाढत होती. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन खासगी गुंतवणुकीला वाट मिळाली. महाराष्ट्रात तेव्हा युतीचं सरकार होतं आणि नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली खासगी निविदा फार महाग वाटली म्हणून नाकारली गेली. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी, स्थापन झालं. १९९७ मध्ये हा मार्ग ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, ३० वर्षं टोल घेण्याच्या परवानगीसह, महामंडळाकडे आला. सुमारे ९४ किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला. खर्च साधारण १,६३० कोटी रुपये.

इथे थांबून रचना नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. महामंडळ पूर्णपणे सरकारच्या मालकीचं, पण कागदोपत्री वेगळी कंपनी. ती बाजारात रोखे विकते. लोक ते घेतात कारण मागे राज्य सरकारची हमी असते. कर्ज कंपनीच्या नावावर असल्यामुळे ते राज्याच्या अर्थसंकल्पात थेट दिसत नाही. आणि फेडायला कंपनीकडे हक्काचं उत्पन्न एकच, टोल.

म्हणून या रचनेत टोल हा ‘वापराची किंमत’ म्हणून जन्मालाच आलेला नाही. तो रोखे घेणाऱ्याला दिलेला भरवसा आहे.

उद्याचा टोल आज विकणे

२००४ मध्ये एमएसआरडीसीने द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग या दोन्हींवर १५ वर्षं टोल घ्यायचा हक्क आयआरबी समूहाला दिला. बदल्यात ९१८ कोटी रुपये. २०१० मध्ये मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांचा १६ वर्षांचा हक्क एमईपी या कंपनीला २,१०० कोटी रुपयांना गेला. २०२० मध्ये द्रुतगती मार्गाचा हक्क पुन्हा आयआरबीकडे, २०३० पर्यंत, आणि रक्कम ८,२६२ कोटी.

ओळखीचं वाटतंय ना? हा बोरघाटाचा मक्ताच आहे. फरक एवढाच की आता एकरकमी घेतलेल्या पैशाला वित्तशास्त्रात भारदस्त नाव आहे.

या आकड्यांवरून महाराष्ट्रात खूप भांडणं झाली. ‘९१८ कोटी दिले आणि कित्येक पट वसूल केले’ असं तुम्ही ऐकलं असेल. संशोधक म्हणून इथे एक पायरी वगळू नका. आजचे ९१८ कोटी आणि १५ वर्षांत मिळून येणारी रक्कम यांची थेट तुलना होत नाही. समजा व्याजदर १० टक्के धरला. ९१८ कोटी परत मिळवायला १५ वर्षं दरवर्षी सुमारे १२१ कोटी लागतात. बेरीज होते सुमारे १,८१० कोटी. म्हणजे एकही रुपया नफा न होता वसुली जवळपास दुप्पट दिसेल. त्यात देखभालीचा खर्च वेगळा. दर १२ टक्के धरला तर आकडा आणखी वर जातो. हे गणित करून बघा, कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

पण याचा अर्थ आंदोलकांचा मुद्दा निकालात निघाला असा नाही. त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो जास्त खोल आहे. पुण्यातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी दाखवलं की करारात अपेक्षित धरलेली वसुली मुदत संपायच्या आधीच पूर्ण झाली. मग वाढीव फायदा कुणाचा? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. मक्त्याचा स्वभावच हा आहे. वाहतुकीचा अंदाज कमी धरला गेला तर फायदा मक्तेदाराचा, कारण करार रकमेचा नसतो, मुदतीचा असतो. म्हणून अशा प्रकल्पाचा अभ्यास करताना वसुलीच्या आकड्याआधी विचारा: सुरुवातीला वाहतुकीचा अंदाज कुणी केला आणि तो चुकला तर नुकसान किंवा फायदा कुणाच्या वाट्याला जायचा होता?

पूल कुणाचे, पैसे कुणाचे

मुंबईत १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘५५ उड्डाणपूल’ ही योजना आली आणि तिचा खर्च वसूल करायला पाच प्रवेशांवर नाके बसले. का? शहरात प्रत्येक पुलावर टोल घेणं अशक्य होतं. पण मुंबईचा भूगोल असा की रस्त्याने आत यायला मोजकीच दारं आहेत. महापालिकेचे जकात नाके याच वेशींवर होते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा जकात बंद झाली, टोल राहिला.

आता शहरी प्रवासावरचा परिणाम बघा. अंधेरीहून वांद्र्याला रोज कारने जाणारा माणूस पश्चिम द्रुतगती मार्गावरचे उड्डाणपूल वापरतो आणि एक पैसा देत नाही. ठाण्याहून कारने मुलुंडला जाणारा माणूस मात्र ऑक्टोबर २०२४ पर्यंत वेस ओलांडली म्हणून पैसे देत होता, वाटेत एकही पूल आला नाही तरी. जो वापरतो तो भरतो, असं टोलचं समर्थन नेहमी केलं जातं. इथे ते लागूच पडत नाही. जो अडवता येतो तो भरतो, एवढंच खरं.

आणि ज्यांनी गाडीच घेतली नाही त्यांचं काय? एमएमआरडीएच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगरातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेक लोकल आणि बसच्या. कारच्या वाट्याला त्यातला अगदी छोटा तुकडा. टोलच्या भरवशावर कर्ज काढून काय बांधता येतं? ज्यावर टोल बसतो तेच. फुटपाथवर नाका बसत नाही. उड्डाणपूल बांधायला पैसा मिळाला आणि खालचा पदपथ तसाच राहिला, याचं एक कारण या वित्तरचनेत आहे. इतर कारणंही आहेत, पण हे सहसा कुणी मोजत नाही.

वेस शहराच्या आतच आली तर काय होतं, ते कोल्हापुराने दाखवलं. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचं काम खासगीकरणातून झालं आणि वसुलीसाठी शहराभोवती नाके उभे राहिले. बायपास नाही, दुसरा रस्ता नाही. घरपट्टी भरतो, गाडीचा कर भरतो, मग आपल्याच गावात शिरायला पैसे का, असा लोकांचा सवाल होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते पुढे होते. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटवले गेले. अखेर २०१५ संपता संपता सरकारने टोल रद्द केला आणि कंपनीचे पैसे सरकारी बाजूने भागवायचं ठरलं. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना आणि एसटीला सूट मिळाली. तिथेही भरपाईचा भार सरकारवर.

म्हणून ‘टोल माफ’ हे शब्द वाचताना जरा थांबा. कराराच्या मुदतीत टोल माफ होत नाही, फक्त भरणारा बदलतो. आधी कारवाला देत होता, आता सगळे करदाते देतात. त्यात कधीच कार न घेतलेला लोकलचा प्रवासीही आला.

मग गर्दीचं काय?

लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात गर्दी शुल्क लावलं. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग करून बघितला आणि २००७ पासून ते कायम केलं. तिथे वेळेनुसार दर बदलतो, रात्री शुल्क नसतं, आणि सीमेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. हा टोल गर्दीकडे बघणारा.

आता आपला द्रुतगती मार्ग घ्या. २००४ च्या अधिसूचनेनुसार दर तीन वर्षांनी टोल सुमारे १८ टक्के वाढतो. एप्रिल २०२३ मध्ये कारचा दर २७० वरून ३२० झाला. शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हाही ३२०, मंगळवारी दुपारी रस्ता मोकळा असतो तेव्हाही ३२०. हे सूत्र व्याजासाठी बनवलंय, वाहतुकीसाठी नाही.

यात एक विरोधाभासही आहे. गर्दी कमी करणं हे टोलचं उद्दिष्ट असेल तर वाहनं घटली की तो यशस्वी. कर्जफेड हे उद्दिष्ट असेल तर वाहनं वाढली की तो यशस्वी. ज्याने १६ वर्षांचा हक्क आगाऊ विकत घेतलाय त्याला गाड्या कमी झालेल्या कशा परवडतील? आणि रस्ता वाढवला की गाड्याही वाढतात, हे अँथनी डाउन्स यांनी १९६२ पासून मांडलंय. २०११ मध्ये डुरंटन आणि टर्नर यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखवलं की महानगरातल्या महामार्गांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात त्यांवरचा वाहनप्रवास वाढतो. कर्जदाराच्या दृष्टीने ही वाईट बातमी नाही.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. वाशीच्या नाक्यामागचं कर्ज जुनं, म्हणून दर लहान आणि माफी देणं तुलनेने स्वस्त. अटल सेतूचा खर्च १७,८४० कोटींच्या घरात, त्यातला मोठा वाटा जपानच्या जायकाचं कर्ज, आणि ते नवं कोरं. म्हणून २५० रुपये. दर गर्दीनुसार नाही, कर्जाच्या वयानुसार लागलेत.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

ऑक्टोबर २०२४ ची माफी हा अभ्यासासाठी चांगला प्रसंग आहे. तारीख नेमकी, कारला सूट, ट्रकना नाही. म्हणजे एकाच नाक्यावर तुलनेचा गट आपोआप मिळाला. मोह होईल की आधीचे आणि नंतरचे आकडे घ्यायचे, वजाबाकी करायची आणि निष्कर्ष लिहायचा. पण त्याच ऑक्टोबरमध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाची एक बाजू सुरू झाली. महिनाअखेरीला दिवाळी आली. २० नोव्हेंबरला मतदान. ट्रकची वाहतूक सणाला आणि मतदानाला कारसारखी वागत नाही, त्यामुळे तुलनेचा गटही तितका निर्मळ राहत नाही. ऐरोली किंवा दहिसरचे आकडे वाशीशी ताडून बघितले तर पुलाचा परिणाम काहीसा वेगळा काढता येईल. मागच्या दोन-तीन वर्षांच्या दिवाळीचे आकडेही लागतील.

साहित्य कुठे शोधायचं? टोलच्या अधिसूचना शासन राजपत्रात असतात. राज्यातले बहुतेक टोल महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली लागतात, तेव्हा शोध तिथून सुरू करा. मग सवलत करार, माहिती अधिकारात मिळालेली मासिक वाहनसंख्या, नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल. अहवाल गुंतवणूकदारांसाठी लिहिलेले असतात, म्हणून वाहनं वाढली की त्यात आनंद दिसेल. ते वाचताना कुणासाठी लिहिलंय हे विसरू नका.

आणि कुठल्याही नाक्याबद्दल चार प्रश्न विचारा. कर्ज कुणाच्या नावावर आहे? अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाला? नाका तिथेच का आहे? आणि टोल बंद झाला तर उरलेला हप्ता कोण भरणार? लेडी अवाबाईंच्या कॉजवेवर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, पूर्ण रक्कम आधीच भरलेली होती. आपल्या बाकीच्या रस्त्यांवर ते उत्तर कराराच्या परिशिष्टात असतं. तेवढं पान आधी वाचा, वाहनं नंतर मोजा.